जमिनीचा भाव आणि अडलेली वर्षे

सरकारने आपल्या जमिनीवर रेषा ओढली आणि तिचा भाव पडला, तर तो तोटा भरून द्यायचा कोणी, हा प्रश्न नाशिकमध्ये जमीन असलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात तीन निरनिराळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. एखादा गट हिरव्या पट्ट्यात राहतो आणि त्यावर घरे बांधता येत नाहीत. दुसऱ्यावर शाळेचे, क्रीडांगणाचे किंवा डीपी रोडचे आरक्षण पडते. तिसरा गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवीच्या निळ्या पूररेषेत सापडतो. तिन्ही जमिनींना गिऱ्हाईक पडेल भाव सांगते, आणि सातबारा पाहून यातले काहीच कळत नाही. मालकाच्या लेखी तिन्ही अन्याय सारखेच असले तरी कायदा त्यांच्याकडे तीन वेगळ्या नजरांनी पाहतो. या व्यवहारांकडे बरीच वर्षे पाहिल्यावर माझे मत असे बनले आहे की नुसता भाव उतरला म्हणून भरपाई मागणे सहसा टिकत नाही, आणि खरे तर टिकूही नये. मात्र सार्वजनिक कामासाठी म्हणून जमीन अडकवून ठेवली, तर त्या अडकलेल्या वर्षांचा मोबदला मालकाला मिळायला हवा. आपल्या कायद्यात तो नाही. त्याऐवजी कायद्याने मालकाला एक मुदत दिली आहे, आणि ती मोजण्याचे कामही त्याच्याच गळ्यात घातले आहे.

आधी हिरव्या पट्ट्याचे बघू. शेती विभागातल्या जमिनीला शेतीचा भाव येतो, त्यात मालकाचे नुकसान नेमके कोणते? शेजारचा गट पिवळ्या झोनमध्ये गेला आणि त्याला अनेक पटींनी भाव आला, हे शल्य मी समजू शकतो. पण तो चढलेला भाव शेजाऱ्याच्या घामाचा नव्हता. आराखड्याने, रस्त्याने आणि जलवाहिनीने तो दिला, आणि त्यातला रुपया त्याने शहराला परत केला नाही. नगररचना योजनेत जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला निम्म्यापर्यंतचा हिस्सा अंशदान म्हणून वसूल करण्याची तरतूद आहे. साध्या झोन बदलात असा सरळ हिशेब होत नाही. झोनमुळे मिळालेली वाढ ज्याची त्याने ठेवायची असेल, तर झोनमुळे न मिळालेली वाढ सरकारने भरून द्यावी ही मागणी एकतर्फी ठरते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने हा प्रयोग करून पाहिला आहे. तिथल्या मतदारांनी २००४ मध्ये ‘मेजर ३७’ हा कायदा मंजूर केला. मालकाने जमीन घेतल्यानंतर आलेल्या नियमाने तिचा भाव उतरवला असेल, तर सरकारने एक तर फरक द्यावा किंवा त्या मालकापुरता नियम बाजूला ठेवावा, असे त्यात होते. हजारोंनी दावे आले. द्यायला पैसा नव्हता, त्यामुळे जवळपास सगळीकडे नियमच बाजूला ठेवले गेले. सुपीक शेतांच्या मध्ये वसाहती उभ्या राहण्याची वेळ आली, तेव्हा त्याच मतदारांनी २००७ मध्ये ‘मेजर ४९’ आणून आधीच्या कायद्याला वेसण घातली. भरपाईचे आश्वासन देऊन तिजोरी रिकामी ठेवली की शेवटी नियोजनच मोडते, असे त्या तीन वर्षांत दिसले. द्राक्षबागांना खेटून वाढणाऱ्या नाशिकने हे ध्यानात ठेवलेले बरे.

पूररेषेचे प्रकरण याहून नाजूक आहे. सप्टेंबर २००८ च्या पुराने गोदाकाठ आणि सराफ बाजाराची जी दशा केली, तिच्यानंतर निळ्या आणि लाल रेषा शहरात घरोघरी माहीत झाल्या. ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही, दोन्ही रेषांच्या मध्ये अटींवर. इथे सरकार मालकाकडून काही घेत नाही. नदीच्या वाटेत घर बांधून स्वतःचा आणि खालच्या वस्तीचा जीव धोक्यात घालू नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे. अशा बंदीसाठी पैसे मोजायचे ठरवले, तर दुसऱ्याला अपाय न करण्याचीही किंमत मागता येईल. यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही: वरच्या अंगाला कुणी भराव टाकले, नाले बुजवले, धरणातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक चुकले, मग त्याची शिक्षा आमच्या जमिनीला का? माझ्या मते हा वाद मोजणीचा आहे, मोबदल्याचा नाही. रेषा चुकली असेल तर पातळ्यांची मोजणी घेऊन जलसंपदा विभागाकडे दाद मागावी आणि रेषा दुरुस्त करून घ्यावी. एक अपवाद मात्र मी मान्य करतो. पालिकेने स्वतः अभिन्यास मंजूर केला, विकास शुल्क घेतले, लोकांनी भूखंड घेतले आणि मग रेषा आली, तर त्या भूखंडधारकाला वाऱ्यावर सोडणे पालिकेला शोभत नाही. जिच्या सहीवर त्याने विश्वास ठेवला, त्या पालिकेने त्याला पर्यायी चटईक्षेत्र तरी द्यावे.

तिसरा प्रकार आरक्षणाचा, आणि खरे दुखणे तिथेच आहे. शाळा सगळ्या वॉर्डाची, पण तिचा भार एका सर्व्हे नंबरावर. आरक्षणाचा कायदा म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्याच्या कलम १२६ प्रमाणे आरक्षित जमीन तीन वाटांनी घेता येते: आपसात ठरवून रोखीने, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा चटईक्षेत्र देऊन, किंवा सक्तीच्या भूसंपादनाने. रोखीचा मार्ग २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मालकाला बरा करून दिला आहे. शहरी भागात बाजारभावावर तेवढ्याच रकमेचे सोलेशियम (दिलासा रक्कम) मिळते. म्हणजे जमीन प्रत्यक्ष घेतली जाते तेव्हा मोबदला वाईट नसतो. आरक्षण पडल्यापासून संपादन होईपर्यंतच्या काळाचे काय, याला मात्र उत्तर नाही. त्या काळात बांधकाम परवानगी नाही, बँक कर्ज द्यायला कचरते, वाटणी अडते, आणि गिऱ्हाईक आलेच तर दलालासह येऊन कवडीमोल भाव सांगते. कायद्याला हे ठाऊक नाही असेही नाही. आरक्षणामुळे जमीन रास्त भावापेक्षा कमी किमतीतच विकावी लागते, असे दाखवता आले तर शासनाला खरेदीची सूचना देण्याचा हक्क कलम ४९ मध्ये आहे, आणि त्यासाठी दहा वर्षे थांबावे लागत नाही. पण मालकाची अडचण पटली तरी शासन जमीन विकत घेईल किंवा आरक्षण सोडेल, उतरलेल्या भावाचा फरक हातात पडणार नाही.

म्हणून कलम १२७ नीट समजून घेणे भाग आहे. अंतिम विकास आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकी हक्काच्या कागदपत्रांसह महापालिकेला खरेदी सूचना द्यायची. तिच्या तारखेपासून चोवीस महिन्यांत संपादन झाले नाही आणि त्यासाठी पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती. २००९ मध्ये ती बारा झाली, २०१५ मध्ये चोवीस. प्रत्येक दुरुस्तीत वाढ पालिकेच्या बाजूने झाली, मालकाच्या नाही. ‘पावले’ कशाला म्हणायचे यावर वर्षानुवर्षे भांडणे झाली. महासभेने ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवला, एवढ्याने भागत नाही, संपादनाची रीतसर घोषणा व्हायला हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सांगितले. त्यामुळे ‘प्रस्ताव वर गेलाय, थोडं थांबा’ असे टेबलावर ऐकायला मिळाले, तर त्या वाक्याला कायद्यात किंमत नाही हे ओळखावे.

नाशिककरांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावे ते पुढच्या गोष्टीकडे. महापालिका १९८२ ची, आणि तिचा पहिला विकास आराखडा १९९३ मध्ये मंजूर झाला. त्यातल्या आरक्षणांची दहा वर्षे २००३ मध्ये सरली. सुधारित आराखडा शासनाने मंजूर केला जानेवारी २०१७ मध्ये. मधल्या तेरा-चौदा वर्षांत ज्यांनी सूचना बजावली आणि मुदत उलटू दिली, त्यांची बाजू भक्कम राहिली. अशा रीतीने सुटलेली जमीन सुधारित आराखड्याच्या नावाखाली पुन्हा अडकवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस प्रकरणात म्हटले. जे गप्प बसले त्यांचे आरक्षण नव्या आराखड्यात कायम राहिले, तर प्रफुल्ल दवे प्रकरणातल्या निकालाप्रमाणे त्यांना दहा वर्षे नव्याने मोजावी लागतात. एकाच रस्त्यावरच्या, एकाच आरक्षणातल्या दोन मालकांत एक सुटला आणि दुसरा अडकला तो केवळ एका पत्रामुळे. न्यायालये मालकाच्या बाजूने बोलत नाहीत असे नाही. एक भूखंड तेहतीस वर्षे आरक्षणाखाली पडून राहिला, याबद्दल २०२५ मध्ये निर्मिती डेव्हलपर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्द वापरले. पण तेहतीस वर्षांनी मिळालेला न्याय बहुधा नातवाच्या कामी येतो.

यावर नगररचना खात्याकडून दोन आक्षेप येतात. पहिला असा की टीडीआर आहे, मग तक्रार कसली? टीडीआर कामाची गोष्ट आहे, नाही असे मी म्हणणार नाही. २०१६ च्या शासन धोरणाने दाट वस्तीबाहेरच्या आरक्षित जमिनीला क्षेत्राच्या दुप्पट टीडीआर देऊ केला. पण तो बाजारात विकायचा कागद आहे आणि त्याचा भाव बांधकाम व्यवसायाच्या तेजीमंदीवर हलतो. दुसऱ्या जागी वापरताना दोन्ही ठिकाणच्या रेडीरेकनर दरांचे गुणोत्तर लागते. स्वस्त भागातला टीडीआर गंगापूर रोडला नेला की त्याचे क्षेत्र आकसते. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो चढतही नाही. बिल्डरशी उठबस असलेला मालक यातून वाट काढतो. दोन बिघ्यांच्या शेतकऱ्याला तो कुणाला आणि कधी विकायचा हेच कळत नाही. त्यात रोख कुणाला आणि टीडीआर कुणाला, हा प्राधान्यक्रम नाशिकमध्येही वादात सापडला आहे. तेव्हा टीडीआर हा पर्याय असावा, सक्ती नसावी, आणि तो घेतला तरी आधीच्या अडकलेल्या वर्षांचा हिशेब राहतोच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पालिकेकडे पैसा नाही, आणि वर्षांचा मोबदला द्यायचा म्हटले तर एकही उद्यान होणार नाही. मला यात उलटा अर्थ दिसतो. अडवून ठेवणे फुकट आहे म्हणूनच आराखड्यात हात सैल सोडून आरक्षणे टाकली जातात. जमिनीच्या रेडीरेकनर किमतीवर वर्षाला अगदी थोडा टक्का द्यावा लागला असता, तर कोणती आरक्षणे खरोखर हवीत हे पहिल्याच अंदाजपत्रकात ठरले असते. ही कल्पना हवेतली नाही हे तपोवनात दिसते. साधुग्रामासाठी राखलेल्या जमिनीतला काही भागच पालिकेच्या मालकीचा आहे. उरलेली जमीन कुंभमेळ्यापुरती भाड्याने घेतली जाते, म्हणजे वापराच्या काळाचे भाडे देणे शासनाला मान्य आहे. बारा वर्षांतून काही महिने लागणाऱ्या जमिनीवर निर्बंध मात्र बाराही वर्षे. त्या मधल्या वर्षांचे भाडे का नाही, याचे पटणारे उत्तर मी अजून ऐकलेले नाही. सिंहस्थ कुंभमेळा म्हणजे उद्यान नव्हे, त्यासाठी दुसरी जागा निवडता येत नाही, हे मला मान्य आहे. पण जागा बदलता येत नसेल तर भाड्याचा हक्क उलट अधिक पक्का होतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जमीन घेणाऱ्याने विसार देण्याआधी झोन दाखला आणि भाग नकाशा हाती घ्यावा, नदी-नाला जवळ असेल तर पूररेषेच्या नकाशावर गट मोजून पाहावा. ‘आरक्षण उठणारच आहे’ असे सांगून गुंठ्यागुंठ्याने विकली जाणारी जमीन स्वस्त वाटते. आरक्षण उठले नाही तर मात्र मोबदल्यासाठी पन्नास नावे भांडत बसतात आणि मूळ मालक पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. वारसनोंदी आणि मोजणी आधीच पूर्ण करून ठेवावी, कारण अपुऱ्या कागदांची खरेदी सूचना ग्राह्य नाही म्हणून बाजूला ठेवली जाते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा लेखी हरकत घेऊन सुनावणीला हजर राहावे. तिथे न बोललेला मालक पुढे उच्च न्यायालयात बोलतो आणि त्याला बराच खर्च येतो. सूचनेची मुदत उलटली म्हणजे झाले असेही समजू नये. आरक्षण व्यपगत झाल्याची अधिसूचना राजपत्रात येईपर्यंत बांधकाम परवानगीची फाइल हलत नाही, तिचाही पाठपुरावा करावा लागतो. २०१७ च्या आराखड्याची दहा वर्षे २०२७ मध्ये, नेमकी सिंहस्थाच्या गर्दीत, पूर्ण होतात. ज्या भागांची मंजुरी तेव्हा राखून ठेवून नंतर दिली गेली, त्यांची तारीख निराळी असते. ती नगररचना विभागातून लेखी घ्यावी आणि सूचनेचा मसुदा त्या तारखेच्या आधी वकिलाकडून तयार करून ठेवावा. मुदतीच्या एक दिवस आधी बजावलेली सूचना अवेळी ठरते. पुढचा सुधारित आराखडा अंमलात आल्यानंतर बजावली, तर पुन्हा दहा वर्षे.