केंद्रकांचं लग्न

'न्यूक्लिअर फ्यूजन म्हणजे काय?' असं आपल्या होस्टेलच्या कुठल्याही खोलीत विचारा, उत्तर ठरलेलं आहे : सूर्य, हायड्रोजन, हेलियम. पण लातूरला बारावीत फिजिक्स-मॅथ्ससोबत बायोलॉजीही घोकून आलेले आपल्यात बरेच आहेत (मीही त्यातलाच). त्यांना पेशीच्या केंद्रकांचं फ्यूजनही आठवायला हरकत नाही. त्याचं नाव कॅरिओगॅमी. पाठ केलं, एक मार्क घेतला, विसरलो.

आता शब्दच फोडून बघू. ग्रीक भाषेत 'कॅरिऑन' म्हणजे अक्रोडासारखं कठीण कवचाचं फळ, किंवा त्यातला गर. 'गॅमॉस' म्हणजे लग्न. म्हणजे कॅरिओगॅमी हे सरळसरळ केंद्रकांचं लग्न! लॅटिनमधल्या 'न्यूक्लिअस'चा अर्थही छोटा गर असाच. 1831 मध्ये रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशीतल्या गोल ठिपक्याला हे नाव वापरलं. रदरफोर्डने अणूचा गाभा दाखवला तो 1911 मध्ये. तेव्हा पेशीतलं न्यूक्लिअस अणूतल्यापेक्षा 80 वर्षांनी थोरलं आहे, हे फिजिक्सवाल्यांनी लक्षात ठेवावं.

नाव सारखं, पण काम फार वेगळं. हायड्रोजनची अणुकेंद्रं एकमेकांना ढकलतात. म्हणून सूर्याच्या पोटात दीड कोटी अंश तापमान लागतं आणि थोडं वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. पेशीत असलं काही नाही. दोन केंद्रकांची आवरणं एक होतात, गुणसूत्रांचे दोन संच एकत्र येतात, 'एन' अधिक 'एन' बरोबर 'टू एन'. वजाबाकी नाही. ऑस्कर हर्टविगने 1876 मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यात हे मीलन पाहून लिहून ठेवलं.

पण त्यासाठी समुद्रावर जायची गरज नाही. आपल्या नांदेड-लातूरच्या ज्वारीत हे लग्न लागतं, आणि शेतकऱ्याला महागात पडतं. दाणेकाणी पाहिलीय ना? कणसात दाण्याच्या जागी पांढुरक्या पिशव्या, फोडल्या की काळी भुकटी. ही बुरशी आहे आणि त्या भुकटीचा कण न् कण तिचा बीजाणू. मळणीत ही भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते आणि पुढच्या वर्षी बियाण्यासोबत पेरली जाते. दाणा रुजतो तसा बीजाणूही रुजतो. त्याच्यापासून निघालेल्या, परस्परांशी जुळणाऱ्या दोन पेशी एक होतात. गंमत इथेच आहे : पेशी एक झाल्या तरी केंद्रकं वेगळीच राहतात! एका खोलीत दोन रूम पार्टनर, तशी. अशा दोन-दोन केंद्रकांचे बुरशीचे धागे कोवळ्या कोंबात शिरतात आणि झाडासोबत वाढत राहतात. बाहेरून ताट हिरवंगार, कुणाला पत्ता नाही. दोन-अडीच महिन्यांनी कणीस निसवलं की धागे दाण्याची जागा बळकावतात, तिथे नवे बीजाणू तयार होतात, आणि बीजाणू पिकताना त्यातली दोन केंद्रकं एकदाची मिळतात. हीच कॅरिओगॅमी. योगायोग असा की ज्वारीच्या दाण्याचं शास्त्रीय नाव 'कॅरिऑप्सिस', तेही त्याच 'कॅरिऑन'वरून!

म्हणूनच कणसात काणी दिसल्यावर फवारा घेऊन पळण्यात अर्थ नाही. लग्न लागून गेलेलं असतं. सोयरीक जुळते ती पेरणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, जमिनीखाली. ती तिथेच मोडायची. आमच्याकडं आजोबा पेरणीआधी बियाण्याला पिवळी पूड चोळायचे. ते काय करतायत हे मला कॅरिओगॅमी समजल्यावर कळलं. ते होतं 300 मेश गंधक, किलोभर बियाण्याला 4 ग्रॅम. खर्च नगण्य. दाण्याला चिकटलेला बीजाणू रुजायच्या आतच मरतो.

आता आपल्याकडं खरिपात सगळं सोयाबीनच झालंय, तरी घरच्या भाकरीपुरती ज्वारी पेरणारे आहेत, आणि बियाणंही बहुतेकदा घरचंच. सुट्टीत गावी गेलात तर एवढं जरूर सांगा. फक्त झिपरी काणीला हा उपाय पुरत नाही. तिचे बीजाणू जमिनीतच पडून असतात. तिचं कणीस दिसलं की भुकटी उधळायच्या आत अलगद पिशवी घालून कापायचं आणि शेताबाहेर नेऊन जाळायचं.