तेल-तूप सोडलं, तरी यकृतात चरबी कशी?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड २' असं आलं की घरात पहिली गदा येते ती फोडणीवर. माझ्याकडे येणारे बहुतेक जण खुर्चीत टेकायच्या आधीच सांगतात, "डॉक्टर, तेल-तूप कधीच बंद केलंय." आणि लगेच पुढचा प्रश्न, "रोज सकाळी उसाचा रस घेतो, लिव्हरला चांगला असतो ना?" नाही, चांगला नसतो. फॅटी लिव्हर असेल तर मुळीच नाही. एका मोठ्या ग्लासात तीसेक ग्रॅम साखर सहज असते आणि ती थेट यकृताच्या वाट्याला जाते.

हे पथ्य आलंय काविळीतून. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत मळमळतं, तेलकट वास नकोसा होतो, म्हणून बिनफोडणीचं जेवण आणि उसाचा रस. ती कावीळ बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपणच उतरते आणि श्रेय मिळतं रसाला नाहीतर गळ्यात घातलेल्या माळेला. तेच पथ्य लोक फॅटी लिव्हरला लावतात. हा आजार वेगळा आहे आणि त्याला हे पथ्य उलटं पडतं.

ताटातलं तेल उठून यकृतात जाऊन बसत नाही. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातली चरबी कुठून आली याचा माग काढला. ५९ टक्के चरबी शरीरातल्या साठ्यातून सुटून आलेली होती, २६ टक्के यकृताने साखर-पिठूळ पदार्थांपासून स्वतः तयार केली होती आणि आहारातल्या तेल-तुपातून आलेली होती फक्त १५ टक्के. म्हणजे फोडणी बंद करून तुम्ही सगळ्यात लहान वाट अडवता आणि बिस्किटं खात तिच्याहून मोठी मोकळी ठेवता.

पित्त चरबी पचवतं, एवढं आपण शाळेत शिकलो. त्याचं दुसरं काम फारसं कुणाला माहीत नसतं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. जेवलो की पित्ताशय आकुंचन पावतं, पित्ताम्लं आतड्यात उतरतात आणि काम झालं की त्यातली सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन पुन्हा यकृतात येतात. तिथे पेशीच्या केंद्रकात एफएक्सआर नावाचा रिसेप्टर असतो. पित्ताम्ल त्याला चिकटलं की तो ठरावीक जनुकांचं काम वाढवतो किंवा थांबवतो. पित्ताम्लं पुरेशी झाली, आता नवी नकोत, हा त्याचा एक हुकूम. दुसरा हुकूम, नवी चरबी तयार करणं कमी करा. आतड्यातही हाच रिसेप्टर असतो. तिथून एफजीएफ-१९ हे संप्रेरक सुटतं आणि रक्तातून यकृताला तोच निरोप देतं.

याची कुणकुण डॉक्टरांना आधीच लागली होती. १९७०च्या दशकात पित्ताशयातले खडे विरघळावेत म्हणून रुग्णांना एक पित्ताम्ल दिलं जायचं, तेव्हा त्यांच्या रक्तातले ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, उतरायचे. उलट, कोलेस्टिरामिनसारखं औषध आतड्यातली पित्ताम्लं बांधून बाहेर काढतं, त्याने कोलेस्टेरॉल कमी व्हायचं पण ट्रायग्लिसराइड्स चढायचे. असं का, याचं उत्तर १९९९ नंतर मिळालं, एफएक्सआरची किल्ली म्हणजे पित्ताम्लंच हे कळल्यावर.

आता आपल्या ताटाकडे या. इन्सुलिन यकृताला नेमका उलटा हुकूम देतं, चरबी बनवा. दिवसभर थोडं थोडं गोड आणि पिठूळ पोटात जात राहिलं की हा हुकूम थांबतच नाही. आणि जेवणात तेल-तूप अजिबात नसेल तर पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. पित्त साचतं, घट्ट होतं, खडे धरू शकतात.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका आले होते. वर्षभर फोडणी बंद. काकू वैतागून म्हणाल्या, "डॉक्टर, वरणावर तुपाचा थेंब पडला तरी ताट सरकवतात हो!" मी दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी गुळाचा चहा आणि चार टोस्ट, दुपारी भाताचा ढीग आणि पातळ वरण, चारला चहा-बिस्किटं, रात्री परत भात, गुरुवारी साबुदाणा, आणि फिरून येताना रसवंती. ट्रायग्लिसराइड्स चारशेच्या वर, शिवाय पित्ताशयात खडे. वर खिशात पित्ताम्लाच्या गोळ्यांची पाकिटं, भाच्याने मोबाईलवर पाठवलेलं नाव दाखवून दुकानातून आणलेली.

या गोळ्यांबद्दल मला खरंच राग येतो. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड पित्तनलिकांच्या काही आजारांत फार उपयोगी आहे, पण एफएक्सआरला ते जवळजवळ हलवत नाही आणि साध्या फॅटी लिव्हरवर त्याचा भरवशाचा उपयोग दिसलेला नाही. ओबेटिकोलिक ॲसिड हा रिसेप्टर जोरात चालू करतं. पण त्याने अंगाला असह्य खाज सुटते, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि यकृत आधीच सुकलेलं असेल तर ते निकामी होऊ शकतं. अमेरिकेत २०१८ साली त्यावर सगळ्यात कडक इशारा छापला गेला आणि २०२३ मध्ये फॅटी लिव्हरसाठी त्याला परवानगी नाकारली गेली. असं औषध तुम्ही भाच्याच्या निरोपावर घेणार? 'लिव्हर साफ' करणारे काढेही तसेच. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेणाऱ्या काही जणांना यकृताला सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

घाबरू मात्र नका. फॅटी लिव्हरच्या टप्प्यावरचं यकृत सुधारतं. वजन पाच टक्क्यांनी उतरलं तरी चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी उतरलं तर सूजही. पण सावकाश. झपाट्याने वजन उतरवलं तरी खडे होतात. काकांना मी फोडणी परत दिली, माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे तेल, सगळं धरून. रस, टोस्ट, बिस्किटं बंद, भात निम्मा, उसळ दोन्ही वेळा, जेवणानंतर अर्धा तास चालणं. सहा महिन्यांत ८२ किलोंचे ७६ झाले आणि यकृताच्या रक्ततपासणीतला एसजीपीटी नॉर्मलला आला. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर 'लिव्हरला त्रास होईल' म्हणून मनानेच थांबवू नका. फॅटी लिव्हर असताना स्टॅटिन गटातली ही गोळी चालते.

थांबायचं नाही ते या वेळी: डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढरट मातीसारखं झालं तर. उजव्या बरगडीखाली दुखून थंडी वाजून ताप आला तर, त्याच रात्री दवाखाना गाठा. काळं डांबरासारखं शौच, रक्ताची उलटी, पोट फुगणं, पाय सुजणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तरी तसंच. अंगावर पुरळ नसताना खाज येत राहिली तर मलम बदलत बसू नका, यकृताची तपासणी करा. आणि घरातल्या गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना रात्रीची खाज सुटली, तर 'गरोदरपणात होतंच असं' म्हणू नका. रक्तातली पित्ताम्लं वाढलेली असू शकतात आणि फार वाढली तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो. दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्या आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी नाव घेऊन मागा.