कॅज्युअल्टीत नेलंस, बरंच केलंस

अगं, अजून तेच मनात घेऊन बसली आहेस होय? मामंजींच्या छातीत जळजळ, अंगाला दरदरून घाम, आणि तेही रात्री. तू त्यांना कॅज्युअल्टीत नेलंस आणि निघाली ॲसिडिटी. त्यावर तिथला डॉक्टर फटकन बोलला, "एवढ्यासाठी इथे? जवळचा दवाखाना नव्हता का?" बोलू दे. ॲसिडिटी आहे हे ईसीजी काढल्यावर आणि रक्त तपासल्यावर कळलं ना? घरून निघताना ते कसं कळणार?

अमेरिकेत २०१३ साली यावर एक अभ्यास छापून आला होता. तातडीच्या विभागात आलेल्या शंभरांतल्या जेमतेम सहांचं दुखणं, निदान झाल्यावर, साध्या दवाखान्यात भागण्यासारखं ठरलं. पण गंमत पुढेच आहे. या सहांनी येताना ज्या तक्रारी सांगितल्या, तशाच तक्रारी घेऊन आलेले शंभरांत जवळजवळ ८९ होते! आणि त्यांच्यातल्या दर आठांमागे एकाला दाखल करून घ्यावं लागलं. आता सांग, नुसती तक्रार ऐकून दारातून कुणाला परत पाठवायचं?

पण म्हणून बीपीच्या गोळ्या संपल्या, खोकला जात नाही, जुनी कंबर दुखते, यासाठी तिथे गर्दी करू नये. मुंबईत २०२२ पासून 'आपला दवाखाना' नावाचे दवाखाने सुरू झालेत. तपासणी, औषधं मोफत. काही तर रात्री दहापर्यंत उघडे असतात. तुझ्या घराजवळचा कुठला, किती वाजेपर्यंत, ते आजच जाऊन बघून ये. मला विचारशील तर लोकांना रागावण्यापेक्षा असे संध्याकाळचे दवाखाने वाढवावेत. मोठ्या रुग्णालयात ओपीडीचे केसपेपर बहुधा सकाळीच निघतात. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईनं खाडा करायचा का? ती बिचारी काम उरकून, तापलेलं पोर कडेवर घेऊन रात्री कॅज्युअल्टीतच येणार.

एक मात्र पक्कं ठेव. छातीत दुखून घाम आला, दम लागला, तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, तर दवाखाना शोधत बसू नकोस. तोंड वाकडं झालं, एका हातातलं बळ गेलं, बोलणं अडखळलं, तरीही तेच. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. सरळ १०८ लाव, पैसे पडत नाहीत. पुन्हा ॲसिडिटी निघाली आणि कुणी बोललं, तर खुशाल ऐकून घे.