कोंडवाडा

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात कडा नावाचे मोठे गाव आहे. अहिल्यानगरहून आष्टीकडे जाणारी सडक या गावावरून जाते. २०२२ साली याच बाजूने आगगाडीही धावू लागली. हा मुलूख कमी पावसाचा. पीक हाती येईल की नाही याचा भरवसा नसतो. म्हणून दावणीची गाय, म्हैस, शेळी हाच अनेक घरांचा मोठा आधार असतो. जेथे माणसांची घरे आणि जनावरांचे गोठे असे शेजारी शेजारी असतात, तेथे दोघांच्याही हितासाठी काही नियम लागतात. त्या नियमांपैकी सर्वांत जुना व सर्वांच्या परिचयाचा नियम म्हणजे कोंडवाड्याचा.

अशी कल्पना करा, की उन्हाळ्याचे दिवस आहेत. विहिरीच्या थोडक्या पाण्यावर एका शेतकऱ्याने हिरवा मका जगविला आहे. रात्री शेजाऱ्याच्या गाईचे दावे तुटते. हिरव्या चाऱ्याच्या वासाने गाय मक्यात शिरते आणि पहाटेपर्यंत निम्मा वाफा फस्त करते. सकाळी शेतकरी येऊन पाहतो, तो त्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि मागोमाग संतापही येतो. तो काठी उगारतो. तेवढ्यात गाईचा मालक धावत येतो आणि हात जोडून म्हणतो, "तात्या, गाय सुटली हे खरे, पण मी ती जाणूनबुजून सोडली नाही. मुक्या जनावराला मारू नका."

यात खरे कोणाचे? मका गेला, हे खरे. दावे आपोआप तुटले, हेही खरे. गाईला तर शेताची हद्द ठाऊकच नसते. अशा वेळी संतापलेल्या माणसाने आपला न्याय आपणच करावयाचे ठरविले, तर जनावर जायबंदी होते, शेजाऱ्याशी वैर जडते, आणि खाल्लेला मका काही परत येत नाही. हे टाळण्यासाठीच कोंडवाडा निर्माण झाला.

कोंडवाडा म्हणजे पिकात शिरलेली किंवा मोकाट फिरणारी गुरे कोंडून ठेवण्याची सरकारमान्य जागा. ब्रिटिश अमलाखालील मुलखासाठी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. त्यात सांगितलेली रीत समजून घेण्याजोगी आहे. पिकाची नासाडी करणारे जनावर शेतकऱ्याला धरता येते. परंतु ते स्वतःच्या गोठ्यात डांबून ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोहोचविले पाहिजे. तेथील राखणदाराने जनावराचे वर्णन, आणल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्याचे नाव आणि मालक ठाऊक असल्यास त्याचे नाव वहीत लिहावयाचे असते. जनावर कोंडवाड्यात असेपर्यंत त्याला चारापाणी देणे हे राखणदाराचे कर्तव्य होय. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरला, की जनावर त्याच्या स्वाधीन केले जाते.

सात दिवसांत कोणीच आले नाही तर? तरीही जनावर लगेच विकता येत नाही. आधी नोटीस लावावी लागते. गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी पिटावी लागते. त्यानंतरही सात दिवस वाट पाहावयाची आणि मगच जाहीर लिलाव करावयाचा. लिलावाच्या रकमेतून दंड व खर्च वजा जाता जे उरेल, ते मालकाचे. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या लिलावात राखणदाराला स्वतः बोली बोलता येत नाही. ज्याच्या हाती किल्ली, त्यालाच स्वस्तात गाय घेण्याची मुभा असती, तर त्याने मालकाला निरोप तरी कशाला पोहोचविला असता? ज्याचे जनावर विनाकारण धरले गेले, त्यालाही दहा दिवसांच्या आत न्यायाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. अशा प्रकारे पीकवाला, गुरांचा मालक आणि मुके जनावर या तिघांचीही काळजी या एका नियमात घेतलेली आहे.

१८७१ साली बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो कायदा तेव्हा येथे लागू नव्हता. १९४८ साली निजामाची राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. दरम्यान १९५८ साली ग्रामपंचायतींचा कायदा झाला. कोंडवाडा स्थापन करणे आणि त्यावर राखणदार नेमणे हा अधिकार त्या कायद्याने पंचायतीला दिला. म्हणजे जो नियम पूर्वी दूरच्या सरकारचा होता, तो आता गावकऱ्यांनीच निवडून दिलेल्या पंचांच्या हाती आला.

मात्र नियमाने सर्व प्रश्न सुटतात, असे नव्हे. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यात चारा आणि पाणी दोन्ही आटले. ज्याच्या घरी वैरणीची काडी नाही, त्याने गाय दावणीला बांधून ठेवावी तरी कशी? अशा वेळी दंडाची भीती घालून काय उपयोग? त्या वर्षी जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडण्यात आल्या आणि हजारो शेतकरी आपल्या गुरांसह तेथे जाऊन राहिले. नियमाच्या पाठीशी सोय असावी लागते, हा धडा दुष्काळाने शिकविला.

जनावरांचे नियम केवळ पिकांच्या रक्षणासाठी नसतात. ते आरोग्यासाठीही असतात. २०२२ साली महाराष्ट्रात गुरांना लम्पी त्वचारोग झाला. अंगावर गाठी येत, ताप चढे, दूध आटे. डास, माश्या आणि गोचिडे यांच्यामार्फत हा रोग पसरतो. म्हणून त्या सप्टेंबरात राज्यभर गुरांचे बाजार बंद ठेवण्यात आले आणि गुरांच्या वाहतुकीला मनाई करण्यात आली. आजारी जनावर निराळे बांधावे आणि त्याची खबर तत्काळ द्यावी, असा २००९ च्या कायद्याचा आदेश आहे. एकाने रोग लपविला, तर साऱ्या गावाची दावण रिकामी होऊ शकते.

कुत्र्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व आहे. पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस टोचून घेणे ही मालकाची जबाबदारी. भटक्या कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण करणे ही २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची जबाबदारी. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न करता दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

शहरात हा प्रश्न अधिक बिकट होतो. मुंबईत पूर्वी भर वस्तीत म्हशींचे तबेले होते. शेण, माश्या आणि दुर्गंधी यांनी लोक त्रासत, आणि कोंदट जागेत म्हशींचेही हाल होत. १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत स्थापन झाली आणि शहरातील हजारो म्हशी मोकळ्या जागेत नेण्यात आल्या. जनावरे घालवून न देता त्यांना योग्य जागा दिली, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय.

१९६० साली आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याच्या सुखाची काळजी घेतली पाहिजे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ देता कामा नये, असे तो सांगतो. जनावर पाळणे हा केवळ हक्क नाही. ते एक कर्तव्यही आहे.

आता पुन्हा त्या मक्याच्या शेताकडे वळू. काठी खाली आली आहे. गाय कोंडवाड्यात पोहोचली आहे. तिच्यापुढे वैरण आहे. दंड भरून मालक संध्याकाळी तिला घरी नेतो आणि वाटेत बाजारातून नवे, मजबूत दावे विकत घेतो. शेतकऱ्याचा राग पुरता गेलेला नाही. पण दुसऱ्या दिवशी एकाच पाणवठ्यावर दोघे भेटतात, तेव्हा त्यांना एकमेकांकडे पाठ फिरवावी लागत नाही. नियमाचे खरे काम हेच.

स्वाध्याय

१. धरलेले जनावर शेतकऱ्याने स्वतःच्या गोठ्यात का ठेवू नये?
२. राखणदाराला लिलावात बोली बोलण्यास मनाई का असावी?
३. 'नियमाच्या पाठीशी सोय असावी लागते.' धड्यातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : फस्त करणे, दवंडी पिटणे, हात जोडणे.
५. तुमच्या गावात कोंडवाडा आहे किंवा होता काय, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि मिळालेली माहिती दहा ओळींत लिहा.