बी.एड. झालंय, आता ब्रिज कोर्स करू का?

प्रश्न : मी बी.एससी. (गणित) असून नुकतंच बी.एड. पूर्ण केलं. सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स केला की पहिली ते पाचवीला शिकवता येतं, असं सांगून एका क्लासवाल्यांनी आगाऊ फी मागितली आहे. भरू का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : फी भरू नका. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड.च लागतं. ब्रिज कोर्स आहे, पण तो त्या निकालाआधीच प्राथमिक शाळेत नेमणूक झालेल्या बी.एड. शिक्षकांसाठी. नव्या उमेदवाराला त्याचा उपयोग नाही.

म्हणून तुमची पदवी वाया गेली, असं मुळीच नाही. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा पेपर २ द्या. १५० पैकी ९० गुण म्हणजे पात्रता. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. प्रमाणपत्र आता आजीवन वैध असतं. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. पुरेसं आहे. मात्र पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावीच लागते.

पुढे शिकायचंच असेल तर गणितात एम.एससी. करा, म्हणजे अकरावी-बारावीची दारं उघडतील. एम.एड.ची घाई नको. ते मुख्यतः अध्यापक विद्यालयांत शिकवण्यासाठी उपयोगी. विशेष मुलांसोबत काम करायचं असेल, तर अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, हे प्रवेशाआधी तपासा.

सध्या गणिताचा पाया पक्का आहेच. पेपर २ च्या तयारीला लागा.