कातकाम

सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. भोवरा, लाटणे अशा गोल वस्तू लेथवर होतात. लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवणारे यंत्र. या कामाला कातकाम म्हणतात.

एक तरुण कातकाम शिकायला गेला. गेल्या गेल्या त्याने पटाशी उचलली. कारागीर काका म्हणाले, "थांब बाबा! आधी बाह्या वर कर. सैल कपडा फिरत्या लाकडात अडकला, तर हात गेलाच समज."

काकांनी लाकूड घट्ट बसवले. टेकू लाकडाजवळ आणला. लाकूड हाताने फिरवून पाहिले. ते कुठे अडत नव्हते. मगच लेथ सुरू केला.

"पटाशी आधी टेकूवर ठेव. मग हळूच लाकडाला लाव. दाबू नकोस."

पोराने दाबलीच! लाकडाचा टवका उडाला.

काका रागावले नाहीत. "लाकूड गेलं, हात वाचला. दुसरं घे."

बरीच लाकडे वाया गेली. पण एक दिवस भोवरा नीट उतरला. फिरत्या भोवऱ्याला त्याने लाखेची रंगीत कांडी लावली. घासून लाख तापली, वितळली, रंग चढला.

ऐकून कळते. हाताने केले म्हणजे येते.

लेथ सुरू करण्याआधी काकांनी काय काय केले? सांगा.