ख्रिसमसच्या कँडी कुकीज विकायच्या आहेत? आधी गोळीचा स्वभाव समजून घ्या



नोव्हेंबर लागला की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ख्रिसमसला केक तर गल्लीतल्या चार जणी करतात, मी वेगळं काय करू?" या आठवड्याच्या व्हिडिओत मी त्याचं एक उत्तर दाखवलंय. चांदणीच्या आकाराची कुकी, मधोमध खिडकी, आणि त्या खिडकीत वितळवलेल्या गोळीची लाल-हिरवी काच. व्हिडिओत ती छान दिसते. पण विकताना काय होतं ते तिथे सगळं सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, हिशोब आहे.

आधी माझी फजिती सांगते. मी ठाण्यात राहते. घरगुती बेकिंगच्या दुसऱ्याच वर्षी एका ऑफिसकडून 60 डब्यांची ऑर्डर आली. डब्यात सहा, म्हणजे 360 कुकीज. दोन दिवस घर डोक्यावर घेतलं, सासूबाईंनाही गोळ्या कुटायला बसवलं. 23 डिसेंबरच्या रात्री शेवटचा ट्रे निघाला, तेव्हा अकरा वाजून गेले होते. सकाळी आठला गाडी येणार होती. कुकीज हाताला कोमट लागत होत्या, तरी डब्यात भरल्या, झाकणं लावली, रिबिनी बांधल्या.

सकाळी सहज म्हणून एक डबा उघडला. सहाच्या सहा कुकीज एकमेकींना चिकटून एक वीट झाली होती. काच पाझरत होती आणि कुकी मऊ पडली होती. दुसरा डबा तसाच, तिसराही तसाच. ॲडव्हान्स परत केला. सामानाचे पैसे गेले, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा कधी आलं नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं, चूक माझीच होती.

झालं काय होतं? कडक गोळी म्हणजे साखरेचा आणि ग्लुकोजचा कडक आटवलेला पाक. त्यात पाणी नावापुरतं उरतं, म्हणून ती काचेसारखी होते. आणि म्हणूनच ती हवेतलं पाणी ओढून घेते. पावसाळ्यात उघडी राहिलेली गोळी कागदाला कशी चिकटते आठवतंय ना? तेच. त्यात मी कोमट कुकी बंद केली, म्हणजे वाफही आत कोंडली. नागपूर, संभाजीनगर, पुणे इथे डिसेंबरची हवा कोरडी असते, तिथे थोडं निभावून जातं. मुंबई, ठाणे, वसई, कोकण, गोवा इथे अजिबात नाही. यूट्यूबवरच्या बहुतेक रेसिपी थंड देशातल्या स्वयंपाकघरातल्या असतात. तिथे हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, हवा कोरडी पडते. त्यांची कुकी ताटात दोन दिवस राहते म्हणून आपली राहील असं धरून चालू नका.

आता कृती. हे प्रमाण बिनअंड्याचं आहे, कारण आपल्याकडे निम्मी गिऱ्हाइकं पहिला प्रश्न तोच विचारतात.

मैदा 250 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 150 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, चिमूटभर मीठ, एक चमचा व्हॅनिला, लागेल तसं चमचा-दोन चमचे थंड दूध. बेकिंग पावडर घालायची नाही. कुकी फुगली की खिडकीचा आकार बिघडतो. बटर आणि साखर फेसायची, मैदा घालून गोळा फक्त एकत्र करायचा, मळत बसायचं नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये. मग दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून साधारण अर्धा सेंटीमीटर जाड लाटायचा, साच्याने चांदण्या कापायच्या आणि लहान साच्याने मधली खिडकी. छोटा साचा नसेल तर क्रीमच्या नोझलची मागची बाजू चालते. साधारण 24 कुकीज निघतात.

ओटीजी 170 अंशांवर आधी तापवून घ्या. खिडकी रिकामीच ठेवून 8 मिनिटं भाजा. ट्रे बाहेर काढून खिडकीत कुटलेली गोळी भरा आणि पुन्हा 3 ते 5 मिनिटं आत ठेवा. सुरुवातीपासून गोळी भरली तर ती उकळत राहते, बुडबुडे धरते, कडेला करपते. गोळी वितळून सपाट झाली की बाहेर. मग हात लावायचा नाही! बटर पेपरवरच पूर्ण गार होऊ द्या. घाईत उचललेल्या कुकीची काच कागदावरच राहते.

गोळी कोणती? पारदर्शक, फळांच्या चवीची, कडक. आपण लहानपणी संत्र्याची, लिंबाची गोळी खायचो तीच. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावचं नाव ज्यांना आठवतं त्यांना मी काय म्हणते ते कळलं असेल. दुधाची टॉफी, चघळायची इक्लेअर काचेसारखी होत नाही. रंग वेगवेगळे कुटा. सगळे एकत्र केले की चहाच्या गाळासारखा रंग येतो. जाड पिशवीत घालून लाटण्याने हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा. मिक्सरला लावू नका, अगदी बारीक पूड झाली की काच धुरकट होते आणि ती पूड पाच मिनिटांत ओलीही होते.

खिडकीचा त्रास नको असेल तर सोपा प्रकार आहे. साखरेच्या कवचातल्या रंगीत चॉकलेट गोळ्या, आपल्या जेम्ससारख्या, कुकी ओव्हनमधून काढल्या काढल्या वर दाबायच्या. आधीपासून लावून भाजल्या तर कवचाला तडे जातात. मुलांच्या वाढदिवसालाही हाच माल चालतो, म्हणून नवीन माणसाने इथून सुरुवात केली तर मी त्याला शहाणा म्हणेन.

आता एक गोष्ट, जिच्यात चांगल्या चांगल्या बेकर फसतात. कुकी बिनअंड्याची आहे म्हणून तुम्ही डब्यावर हिरवा ठिपका लावता. पण वर मार्शमेलो किंवा जेलीची गोळी लावलीत, आणि तिच्यात जिलेटिन असेल तर? जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनतं. तुमची कुकी शाकाहारी राहिली नाही. इंपोर्टेड लाल गोळीच्या पाकिटावर 120 क्रमांकाचा रंग दिसला तर तो कार्माइन, म्हणजे किड्यापासून काढलेला. गोळीच्या पाकिटाची मागची बाजू वाचल्याशिवाय ती विकत घेऊ नका. पेक्टिनची जेली मिळते, ती फळांपासून बनते. शुद्ध शाकाहारी घरात तुमच्या डब्यातून जिलेटिन गेलं आणि नंतर कळलं, तर तो विश्वास कुठल्याही डिस्काउंटने परत येत नाही.

लेबलचं इथे थोडक्यात सांगते, त्यावर वेगळा व्हिडिओ आहे. विकायला सुरुवात करण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी, फोस्कोस पोर्टलवरून. तो 14 अंकी क्रमांक डब्यावर हवा. सोबत पदार्थाचं नाव, घटक जास्तीपासून कमीकडे, वजन, बनवल्याची आणि वापरायची तारीख, किंमत, आणि गहू, दूध, सुकामेवा यांची ॲलर्जीची सूचना. अंडं वापरत असाल तर हिरवा ठिपका नाही, चौकोनातला तपकिरी त्रिकोण. आणि काचेचा तुकडा कडक असतो, म्हणून अगदी लहान मुलांना देऊ नये अशी एक ओळ मी स्वतःहून लिहिते.

आता हिशोब. खालचे भाव उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या बाजारातले टाका.

एक घाणा, 24 कुकीज, सहा-सहाचे चार डबे. सामान: बटर 90 रुपये, गोळ्या 30, मैदा 15, बाकी किरकोळ 15. झाले 150. वीज 25. डबा, बटर पेपर, रिबीन, लेबल, सिलिकाची पुडी मिळून एका डब्याला 35, म्हणजे चार डब्यांचे 140. बघा, आतल्या मालाला जवळपास जेवढे लागले तेवढेच बाहेरच्या सजावटीला लागले! मोडतोडीचे 30 धरा. ही कुकी मोडते, उगाच आशा ठेवू नका. एकूण 345, म्हणजे डब्याला साधारण 86 रुपये.

इथे थांबून बऱ्याच जणी म्हणतात, "86 चा डबा 150 ला विकते, 64 रुपये नफा." नाही हो ताई! तुमचे तास कुठे गेले? लाटणं, कापणं, गोळ्या कुटणं, प्रत्येक खिडकी चमच्याने भरणं, गार होण्याची वाट बघणं, पॅकिंग. एका घाण्याला मला तीन तास लागतात. ताशी 100 रुपये मजुरी धरली तर 300, डब्याला 75. आता डबा 161 ला पडला. दीडशेला विकलात तर प्रत्येक डब्यामागे 11 रुपये तुम्ही गिऱ्हाइकाला घरून दिलेत.

पण तेच चार घाणे एका दिवशी सलग केले तर? गोळ्या एकदाच कुटायच्या, ओटीजी एकदाच तापवायचा, एक ट्रे आत असताना दुसरा भरायचा. सोळा डबे मी सात तासांत करते. मजुरी 700, डब्याला 44. डबा 130 ला पडतो. हाच डबा 220 ला विकला तर हातात 90 उरतात, आणि एकेक घाणा करत बसलात तर 59. माल तोच, मेहनत तीच, फरक फक्त ऑर्डर गोळा करण्याचा. म्हणून माझ्याकडे एका डब्याची ऑर्डर त्याच दिवशी मिळत नाही. मी दोन दिवस जाहीर करते, ऑर्डर 15 डिसेंबरला बंद करते, ॲडव्हान्स निम्मा घेते. "एकच तर डबा आहे, दे ना" म्हणणारी मावशी दरवर्षी असतेच. तिला मी पुढच्या घाण्याची तारीख सांगते.

गिऱ्हाईक कुठे शोधायचं? वसईला, वांद्र्याला ख्रिश्चन घरांत कुलकुल, नेवऱ्या, मार्झिपान, मिल्क क्रीम पिढ्यान्‌पिढ्या घरीच होतं, आणि आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. तिथे त्यांच्याच पदार्थांची नक्कल घेऊन जाऊ नका. माझा बराचसा माल सोसायटीतल्या मुलांच्या सीक्रेट सांताला, शाळेच्या डिसेंबरच्या कार्यक्रमाला, ऑफिसच्या टेबलावर जातो. तिथे लोकांना खिडकीतून उजेड दिसणारी कुकी हवी असते.

कामाची आखणी अशी: पीठ महिनाभर आधीही करून, घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवता येतं. साधी कुकी हवाबंद डब्यात टिकते, पण काचेची कुकी देण्याच्या आदल्या दिवशीच भाजायची, तीही सकाळी, म्हणजे गार व्हायला पूर्ण दुपार मिळते. प्रत्येक दोन कुकीजमध्ये बटर पेपरचा तुकडा. डब्यात खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी, "खाऊ नये" असं मराठीत लिहिलेली, कारण डबा मुलंच उघडतात.

आता गृहपाठ. ऑर्डर घेण्याआधी फक्त अर्धा घाणा करा. एक कुकी ताटात उघडी ठेवा, एक नुसत्या बंद डब्यात, एक सिलिकाच्या पुडीसह बंद डब्यात. तिन्ही तुमच्याच स्वयंपाकघरात, ओट्यापासून लांब. रोज सकाळी बोट लावून बघा, चिकट लागलं की दिवस वहीत लिहा. तिसऱ्या डब्यातली कुकी जितके दिवस टिकली त्यातून एक दिवस वजा करा, तीच तुमच्या लेबलवरची तारीख. माझ्याकडे ठाण्यात ती चार दिवसांवर आली. तुमच्याकडे वेगळी येईल.